मुक्ताबाईंचं सीमोल्लंघन

अबुधाबीत इलेक्ट्रा स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर एक फ्रिज होता, आणि त्या फ्रिजमध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा होती. वरचे दोन कप्पे मगदूमांचे, खालचे दोन याकूबभाईंचे. भाजीचा ड्रॉवर संयुक्त ताब्यात. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांबद्दल मात्र दोन्ही पक्षांत कधीच एकमत झालं नाही, आणि तिथे वर्षानुवर्षं ‘जैसे थे’ परिस्थिती होती.

एकट्याच्या पगारात फ्लॅट परवडत नाही, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून एक घ्यायचा, खोल्या आपापल्या आणि स्वयंपाकघर एक, या व्यवस्थेला तिकडे ‘शेअरिंग’ म्हणतात. बहुतेकांना ती अडचण वाटते. विजयकुमार मगदूमांना ती प्रयोगशाळा वाटायची.

मगदूम मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात स्टोअर सांभाळत. दिवसभर नट, बोल्ट, वेल्डिंग रॉड आणि “मगदूमसाब, यल्ला, जल्दी!” पण माणूस मूळचा राज्यशास्त्राचा. इस्लामपूरजवळच्या खेड्यातून पुण्याला गेले, एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला आणि त्या विषयानं त्यांना जे धरलं ते धरलंच. प्राध्यापकी मिळाली नाही, आखातातली नोकरी मिळाली, पण विषय काही सुटला नाही. शुक्रवारी जेवणं झाली की याकूबभाई बडीशेप चघळत बसायचे आणि मगदूम त्यांना जग समजावून सांगायचे.

“घरात बाप असतो, गावात सरपंच असतो, कंपनीत मॅनेजर असतो,” ते म्हणायचे, “पण देशांच्या वर कोण? कोणी नाही! एवढे दोनशेच्या घरात देश, काही हत्तीएवढे, काही मुंगीएवढे, आणि वर कोणीच नाही. तरी रोज सकाळी जग जागेवर असतं. याकूबभाई, याचं तुम्हाला आश्चर्य वाटत नाही?”

“यूएन है ना,” याकूबभाई म्हणायचे.

“ती बिल्डिंगची मीटिंग. वॉचमन नव्हे!”

मग गाडी साडेतीनशे वर्षं मागे जायची. युरोपातले राजे तीस वर्षं एकमेकांची डोकी फोडून दमले आणि वेस्टफालिया नावाच्या मुलखात तहाला बसले. त्या विषयाची पुस्तकं आपली गोष्ट तिथूनच सुरू करतात. तुझ्या घरात तुझं चालेल, माझ्या घरात माझं. तू माझ्या पातेल्यात डोकावू नकोस, मी तुझ्या नाही. याचंच नाव सार्वभौमत्व. हे सांगताना मगदूमांचा आवाज कापरा व्हायचा. लोकांना सनईनं होतं, त्यांना वेस्टफालियानं व्हायचं.

पुरावे सगळे स्वयंपाकघरात हजर होते. त्यांच्या पत्नीनं, अनुपमानं, एकदा पाच लिटरचा कुकर आणला. तो ओट्यावर पाहून याकूबभाईंच्या बायकोनं, कुबरानं, सात लिटरचा आणला. मग अनुपमानं नऊ. दोन्ही घरांत माणूस एकही वाढलेला नव्हता. “बघा!” मगदूम आनंदानं म्हणाले, “वास्तववादी पंथ! दुसरा मोठा झाला की आपली झोप उडते!” पुढे पुरणपोळीच्या बदल्यात हैदराबादी बिर्याणी जायला-यायला लागली आणि कुकरची शर्यत थांबली, तेव्हा ते म्हणाले, “आता उदारमतवादी! व्यापार आला की शांतता येते!” पण त्यांचा जीव होता तिसऱ्या पंथावर. तो पंथ म्हणतो की राज्य, सीमा, सगळं माणसांच्या मनातलं. दोघांनी मानलं म्हणून आहे. फ्रिजमध्ये कुठे भिंत होती? नुसती एक जाळी. पण मध्यरात्री भूक लागली तरी याकूबभाईंचा हात वरच्या कप्प्याकडे गेला नाही. मगदूम कधीकधी फ्रिज उघडून नुसते बघत उभे राहायचे. “काय हवंय?” अनुपमा विचारायची. “काही नाही,” ते म्हणायचे. आणि खरंच त्यांना काही नको असायचं.

अशा घरात दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीत मगदूमांच्या आई, मुक्ताबाई, व्हिजिट व्हिसावर आल्या. अनुपमाला दुसऱ्यांदा दिवस राहिले होते, जून महिना सांगितला होता. पहिल्या वेळी, शुभ्राच्या वेळी, जवळ कोणी नव्हतं. तेव्हा काय झालं ते अनुपमा सांगत नसे, पण या खेपेला तिनं एकच गोष्ट मागितली होती. “दवाखान्यात आई हव्यात. बाकी काही नको.”

मुक्ताबाईंनी आल्या दिवशीच आपला मसाल्याचा डबा बेलाशक ओट्यावरच्या, फ्रिजसारख्याच वाटलेल्या कपाटात, कुबराच्या कप्प्यात ठेवून दिला. स्वयंपाकघर गार पडलं. सात वर्षांची शुभ्रा ओरडली, “आजी! दॅट्स नॉट अवर साइड!”

“काय म्हणती ही?” मुक्ताबाईंनी विचारलं. मग कुबराकडे वळून आपल्या खास हिंदीत, “मैं तो जागा दिख्या म्हणून रख्या, बाई. उचलू?”

कुबरानं डब्याचं झाकण काढून वास घेतला. डोळे मिटले. मग आपल्या बरण्या एका बाजूला सरकवून म्हणाली, “रहने दो अम्मा. ये आधा खाना आज से तुम्हारा.” तिच्या हैदराबादी बोलीत खाना म्हणजे कप्पा.

त्या रात्री जेवताना मगदूम घास हातातच धरून बसले. “मान्यता!” शेवटी ते म्हणाले. “एका सार्वभौम सत्तेनं दुसरीला दिलेली मान्यता, माझ्या डोळ्यांसमोर! लोक आयुष्यभर वाचतात, त्यांना बघायला मिळत नाही.”

“भात वाढू का?” अनुपमा म्हणाली.

मे उजाडला. व्हिसाची मुदत वाढवून झाली होती, तीही संपत आली. आणखी वाढ मिळणार नव्हती. कायदा असा की पाहुण्यानं देशाबाहेर जायचं आणि नवा व्हिसा घेऊन परत आत यायचं. याकूबभाई टायपिंग सेंटरमध्ये होते, लोकांचे व्हिसाचे अर्ज टाईप करून देणं हाच त्यांचा धंदा. ते म्हणाले, “किश भेजो अम्मा को. सब वहीं जाते.” किश म्हणजे समुद्रापलीकडचं इराणचं बेट. दुबईहून छोट्या विमानानं जायचं, हॉटेलात राहायचं, इथून नवा व्हिसा निघाला की परत यायचं.

मुक्ताबाईंनी साफ नकार दिला. विमानाला त्या भीत नव्हत्या. “एकदा भाईर काढल्यावर आत घेतील कशावरनं?” त्या म्हणाल्या. “आनि न्हाई घेतलं तर? मी तिथं, सून हितं, आनि पोरगं मधी! गावाकडं जाऊ म्हनशील तर तितनं म्हस मला सोडायची न्हाई. मी हितनं हलत न्हाई.”

“आई, न हलणं बेकायदेशीर आहे.”

“मग पकडून न्यू दे. पर सुनंजवळ धरून ठेवा म्हनावं.”

अनुपमा पोटावर हात ठेवून खिडकीपाशी जाऊन बसली. मगदूमांना ते सर्वांत जड गेलं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर पूर्व तिमोर हा देश जन्माला आला. मगदूम खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होते. झेंडा वर चढला आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

“कुनाचं बारसं हाय?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“एका देशाचं, आई. काल नव्हता. आज आहे.”

मुक्ताबाई पदर सावरून टीव्हीजवळ सरकल्या. “काल हितं काय हुतं मग?”

“जमीन हीच. माणसं हीच.”

“आगं बया,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या लोकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आणि तिथेच मगदूमांच्या डोक्यात ट्यूब पेटली. मदहा! फुजैराच्या वरच्या अंगाला डोंगरात मदहा नावाचं गाव आहे. ते ओमानचं आहे, पण चहूबाजूंनी अमिरातींनी वेढलेलं. वाटेत नाका नाही, चौकी नाही, गाडी सरळ आत जाते. म्हणजे आईला विमानात न बसवता, गाडीत घालून, परदेशात! एकदा ओमानच्या सार्वभौम भूमीवर पाय ठेवला की आई देशाबाहेर गेली. परत आली की आत आली. शास्त्रात चूक काढून दाखवा!

याकूबभाईंनी ऐकून घेतलं. “मगदूमसाब, इस्टॅम्प?”

“ओमानचे पोलीस असतीलच की तिथे. देतील.”

“इन्शाल्ला,” याकूबभाई म्हणाले. आखातात ‘इन्शाल्ला’ हा शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतो हे ज्याला कळतं, तो तिथेच थांबला असता. मगदूम थांबले नाहीत.

शुक्रवारी सकाळी कोरोला निघाली. पुढे मगदूम, मागे मुक्ताबाई, शुभ्रा आणि धपाट्यांचा डबा. अनुपमा कुबराजवळ राहिली. दुबई मागे पडली, वाळवंट तांबडं झालं, मग डोंगर आले. कसले डोंगर! झाड नाही, गवत नाही, नुसता करपलेला दगड आभाळापर्यंत. “ह्येनला कोन वाटून घेतंय?” मुक्ताबाई म्हणाल्या. समुद्राच्या कडेनं जाऊन गाडी डोंगरात वळली, आणि मगदूमांनी वेग कमी केला.

“आता लक्ष ठेवा,” ते कुजबुजले. “आता कधीही येईल.”

“काय येईल?”

“सीमा.”

मुक्ताबाईंनी काच खाली केली. भट्टीसारखी हवा आत आली. रस्ता तोच. डांबर तेच. एक बकरी रस्त्याच्या कडेला उभी होती, तिचे पुढचे पाय बहुधा एका देशात आणि मागचे दुसऱ्या. मग एकाएकी दिव्याच्या खांबांचा घाट बदलला. मोबाईल टुणकन वाजला आणि त्यावर ओमानच्या कंपनीचं नाव आलं. पुढच्या वळणावर झेंडा वेगळा. मगदूमांनी गाडी बाजूला घेतली. अंगावर काटा आलेला त्यांनी शुभ्राला दाखवला.

“आली?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“गेली सुद्धा.”

“मला न्हाई दिसली.”

“कोणालाच दिसत नाही, आई! आणि तरी खांबांना कळतं, टेलिफोनला कळतं!”

पोलीस ठाण्यात एक पिकल्या दाढीचा हवालदार होता. त्याला हिंदी येत होती. त्यानं आधी खजूर पुढे केला, मग कॉफी, आणि मग मगदूमांचं सगळं भाषण शांतपणे ऐकलं. पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“हबीबी, शिक्का मारायला दरवाजा लागतो. इथे दरवाजाच नाही. त्यांनी हिला बाहेर सोडल्याचं लिहिलेलं नाही, मग मी आत घेतल्याचं कसं लिहू?”

“पण ती ओमानात आहे! आत्ता! ह्या खुर्चीवर!”

“आहे ना,” हवालदार म्हणाला. “अहलन वसहलन, स्वागत आहे. कॉफी घे, अम्मा. पण कागदावर ती अजून अबुधाबीत आहे.”

मगदूम हातातल्या पासपोर्टकडे बघत राहिले. चूक उमगली होती. बाहेर जाणं म्हणजे पाय बाहेर टाकणं नव्हे. ज्या राज्यात होतो त्यानं ‘गेला’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘आला’ म्हणायचं. तोवर माणूस खुर्चीत बसून खजूर खात असला तरी तिथे नाही! एवढ्या मोठ्या सत्तेचं, एवढ्याशा ठशावाचून, काही चालत नाही, आणि त्या ठशावाचून माणसाचंही. योजना पार धुळीला मिळाली होती, आणि तरी त्यांच्या तोंडून निघालं, “वा!”

“पपा, व्हाय आर यू हॅपी?” शुभ्रा म्हणाली.

हवालदारालाही पाहुणा आवडला असावा. तो म्हणाला, “आलाच आहेस तर वर जा. नहवा बघून ये.” मदहाच्या पोटात आणखी एक गाव आहे, नहवा, ते पुन्हा अमिरातींचं. फार पूर्वी गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारलं की तुम्ही कोणाला मानता, तेव्हा खालच्यांनी एक नाव घेतलं आणि वरच्यांनी दुसरं, असं लोक सांगतात, तो म्हणाला.

वर जाताना खांब पुन्हा बदलले, झेंडा पुन्हा बदलला. मूठभर घरं, चार खजुराची झाडं, एक ओहोळ. मगदूम गाडीतून उतरून गरागरा वळले. भोवती ओमान, ओमानभोवती अमिराती, आणि मधोमध ते पुन्हा अमिरातींतच उभे. वड्यात बटाटा, आणि त्या बटाट्यात पुन्हा वडा! काय माणसाची अक्कल, काय त्याचा हट्ट! ह्या उघड्या दगडांवर कोणीतरी एक शब्द दिला होता आणि दोन राज्यं तो पाळत होती.

एका दारात एक म्हातारी बसली होती, तोंडावर पितळी रंगाचा बुरखा. मुक्ताबाई सरळ तिच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण बोलणं जोरात सुरू झालं. मगदूम आपल्या यार्डातल्या अरबीत मध्ये पडले.

“आई, ही म्हणते तिची बहीण खाली मदहाला दिलीय. रोज दुपारनंतर ही तिच्याकडे कॉफीला जाते.”

“म्हंजे परदेशात?”

“परदेशात.”

“आनि परत येती?”

मगदूमांनी विचारलं. म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिनं मुक्ताबाईंच्या गुडघ्यावर थाप मारली आणि काहीतरी म्हणाली.

“ती म्हणते, नाही आले तर शेळीची धार कोण काढणार?”

मुक्ताबाई पण हसल्या. धपाट्यांच्या डब्यातले चार काढून त्यांनी म्हातारीच्या हातावर ठेवले. गाडीत बसल्यावर, खांब दोनदा बदलून झाल्यावर, त्या मागून म्हणाल्या, “विजू, त्या बेटाचं तिकीट काढ.”

“आई?”

“ही बया रोज परदेशी जाती अन् धारंच्या टायमाला परत येती. मला सुनंचं बाळंतपन हाय. मला कोन न घेता ऱ्हातंय बघू.”

घरी अनुपमानं सगळं ऐकलं. “म्हणजे शिक्का नाही मिळाला.”

“नाही. पण अनुपमा, तू ते पाहायला हवं होतंस—”

“अहो, तुम्हाला आनंद कसला झालाय?” ती म्हणाली. मग सासूकडे बघून तिचा आवाज बदलला. “आई, खरंच जाणार? वेळेत याल?”

“येते,” मुक्ताबाई म्हणाल्या. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

किशहून रोज फोन यायचा. “हितं समदी लटकलेली मान्सं हायती, विजू. ना हिकडची ना तिकडची. येक फिलिपिनी नर्स हाय माझ्या खोलीत, तिला भाकरी शिकवतीया.” नवा व्हिसा आज निघेल, उद्या निघेल, असं चाललं होतं. याकूबभाई खिडकी-खिडकी फिरत होते. निघाला, त्याच दिवशी दुपारी अनुपमाला कळा सुरू झाल्या, जवळजवळ दोन आठवडे आधी. कुबरा तिला घेऊन हॉस्पिटलला गेली. जाताना अनुपमा मगदूमांना म्हणाली, “माझ्याकडे काय बघताय? दुबईला जा. त्यांना आणा.”

विमानतळावर मगदूम कठड्याला पोट टेकून उभे होते. काचेचं दार उघडायचं, माणसं यायची, दार मिटायचं. एरवी त्या दाराकडे ते तासभर भक्तिभावानं बघत राहिले असते. आज त्यांना पहिल्यांदा त्याची भीती वाटली. आत एक पोरगा ठसा घेऊन बसला होता, आणि त्याच्या वर कोणीही नव्हतं.

दार उघडलं. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

“काय म्हणाले आत?” मगदूमांनी पिशवी घेत विचारलं.

“काय म्हननार? त्या पोरानं माझ्या तोंडाकडं बघितलं, फोटूकडं बघितलं, पुन्हा तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हनतोय ही ती न्हवंच. मग ठप्पा हानला.”

“मग?”

“मग मी हाय, असं ठरलं.”

गाडी अबुधाबीच्या रस्त्याला लागली. मगदूम आयुष्यात इतके जोरात गेले नव्हते. मुक्ताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “वरनं बघितलं रं मी. निस्तं पानी. तुझी रेघ कुटंच न्हाई. पर येताना इमानात मधीच समद्या पोरींनी इरानात सक्तीनं बांधलेले डोईवरचे रुमाल काढले. तवा वळखलं, रेघ गेली. माझा पदर हुता तितंच हुता.”

मगदूमांनी आरशात आईच्या पदराकडे पाहिलं आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

हॉस्पिटलच्या दारात कुबरा उभी होती. “अम्मा आ गए! जल्दी चलो, कब से तुम्हारा नाम ले रई!” मुक्ताबाई चपला हातात घेऊन धावल्या. आतलं दार मिटलं, आणि ते पुन्हा उघडलं तेव्हा कुबरा सांगत आली की मुलगी झाली, आणि सगळा वेळ अम्माचा हात अनुपमाच्या हातात होता.

मुलगी घरी आली तेव्हा तिला नाव नव्हतं, पासपोर्ट नव्हता, कुठल्याही देशात तिची नोंद व्हायची होती. मगदूम पाळण्याशी उभे राहून तिच्याकडे, पूर्वी फ्रिजकडे बघायचे, तसे बघत होते. अनुपमानं पाणी मागितलं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले.

तिथे मुक्ताबाई आपल्या अर्ध्या कप्प्यातून मसाल्याचे डबे खाली काढत होत्या. दुधाच्या बाटल्या, ग्राइप वॉटर, बाळंतशोपेची बरणी एकेक करून तिथे चढत होती. जागा पुरेना. मुक्ताबाईंनी शेजारच्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. तो कुबराचा होता. कुबरानं मुक्ताबाईंकडे पाहिलं.

“आजी, दॅट्स कुबरा आंटीज साइड,” शुभ्रानं आठवण करून दिली.

कुबरानं डबा उचलला आणि खाली ओट्यावर ठेवला. “अब नै,” ती म्हणाली. “ये पूरा खाना मुन्नी का.”

“हितं कुनी काय ठेवायचं न्हाई,” मुक्ताबाईंनी जाहीर केलं. अनुपमाची चहाची बरणी चुकून जवळ होती, शुभ्रानं ती लगेच मागे ओढली. तिघी जरा मागे सरकून त्या कप्प्याकडे बघत राहिल्या. काल तिथे मसाला होता.

“अहो,” आतून अनुपमाची हाक आली, “पाणी आणताय ना?”

“एक मिनिट,” मगदूम दारातूनच दबक्या आवाजात म्हणाले, “इथे एक देश होतोय.”